मिलो कुणाची उरली होती?

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोलताना आमच्याकडची माणसं पावसाविषयी फार सांगत नाहीत. पाऊस नव्हता, विषय संपला. बोलतात ते मिलोबद्दल. रेशनच्या दुकानात मिळणारी ती लाल अमेरिकन ज्वारी. माझ्या आत्याच्या हिशेबात त्या साली झालेला सगळ्यात मोठा अपमान म्हणजे मिलोची भाकर. "खडी फोडली त्याचं काही नाही. काम ते काम. पण ते धान्य? पिठाला चिकीच नाही. थापायला घेतली की चिरायची. लेकरं ताटाकडं बघून रडायची." अंबड तालुक्यात शाळूच्या पांढऱ्या भाकरीवर वाढलेली बाई ती. उपाशी राहण्याचं दुःख तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण लाल भाकरीचा राग पन्नास वर्षं टिकला.

ही ज्वारी अमेरिकेत माणसं खात नाहीत, जनावरांना घालतात, हे गावात तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. ते खरंही होतं. कॅन्सस-टेक्सासकडच्या कोरड्या मैदानांत पिकणारी ही ज्वारी तिकडे तेव्हा मुख्यतः गुरांच्या खाद्यात जायची. गावाला राग येत होता तो या गोष्टीचा. मला मात्र फार उशिरा, कॉलेज संपल्यावर कधीतरी, एक वेगळाच प्रश्न पडला. जगाच्या त्या टोकाला गुरांना घालूनही ज्वारी उरते कशी? आणि उरते तर कुणाच्या हिशेबानं उरते?

आमच्या घरात या प्रश्नाची दोन तयार उत्तरं होती. मामा शेतकरी कामगार पक्षाचे. त्यांचं म्हणणं, भांडवलशाही नफ्यासाठी पिकवते म्हणून तिथं सडवायची वेळ येते, समाजवाद गरजेपुरतं पिकवतो म्हणून तिथं नासाडी नाही. मामांच्या पोराचा आता पुण्यात मालवाहतुकीचा धंदा आहे. तो म्हणतो, "बापू, तिथं नासायला आधी काही पिकायला तर हवं ना!" दिवाळीत दोघं समोरासमोर बसले की हा सामना ठरलेला. दोघांचीही वाक्यं ऐकायला झकास आहेत. आणि बहात्तर साल नुसतं नीट उलगडून बघितलं, तरी दोन्ही लंगडी पडतात.

आधी अमेरिका. 1933 साली महामंदीत अमेरिकन शेतमालाचे भाव इतके कोसळले होते की पीक काढायची मजुरीही निघत नव्हती. रूझवेल्ट सरकारनं नवा शेती कायदा आणला आणि भाव वर यावेत म्हणून माल कमी करायचं ठरवलं. त्या वर्षी सुमारे 60 लाख डुकरं सरकारनं विकत घेऊन मारली. त्यात बहुतेक पिल्लंच होती. थोडं मांस गरिबांना वाटलं, पण पिल्लांच्या अंगावर मांस ते किती? पुष्कळांची चरबी काढली, खत केलं. दक्षिणेत सुमारे 1 कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला. म्हणतात की खेचरं नांगराला जुंपली तर कापसाच्या ओळीवर पायच ठेवेनात, कारण ओळ तुडवायची नाही हीच त्यांना शिकवण होती. त्याच वर्षी शहरांत फुकट सूपसाठी रांगा लागत होत्या आणि कारखान्यांतून काढून टाकलेली माणसं जुन्या कपड्यांत हिवाळा काढत होती. मांसही कमी नव्हतं, कापूसही कमी नव्हता. माणसांच्या खिशात पैसा नव्हता, आणि बाजाराला माणूस दिसतो तो त्याच्या खिशामधून.

ब्राझीलचं प्रकरण याहून मोठं. 1931 ते 1944 या काळात ब्राझीलनं सुमारे 7 कोटी 80 लाख पोती कॉफी नष्ट केली. पोतं 60 किलोचं. म्हणजे त्या काळच्या जगाला जवळपास तीन वर्षं पुरेल एवढी कॉफी. जाळली, समुद्रात ओतली, रेल्वेच्या इंजिनांत कोळशाऐवजी घातली. हे कुणा वेडगळ हुकूमशहाच्या लहरीनं झालं नाही. त्यासाठी रीतसर सरकारी खातं होतं, हिशेबाच्या वह्या होत्या. याच साठ्याचं काहीतरी करा म्हणून ब्राझीलवाले नेस्लेकडे गेले आणि त्यातून 1938 साली नेसकॅफे बाजारात आली. आपण बरणीतून चमचाभर काढतो ती पूड या उरलेल्या ढिगाऱ्याची लेक आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं जाळण्या-मारण्यापेक्षा शहाणा मार्ग काढला. सरकार ठरलेल्या भावानं माल घेणार आणि साठवणार. पण कोठारं भरली. पन्नाशीच्या दशकात हडसन नदीत नांगरून ठेवलेल्या, युद्धातून निवृत्त झालेल्या मालवाहू जहाजांच्या पोटात गहू भरून ठेवला होता. जमीन पडीक ठेवण्याबद्दल शेतकऱ्याला पैसे मिळू लागले. आणि 1954 साली पी.एल. 480 हा कायदा झाला, ज्याखाली हे धान्य गरीब देशांना त्यांच्याच चलनात, सवलतीनं द्यायचं होतं. भारताशी पहिला करार 1956 चा. त्या गव्हानं साठीच्या दशकात लाखो माणसं जगली हे नाकारायचं कारण नाही. पण उपकार करणाऱ्याचं घर आधी मोकळं होत होतं, हेही तितकंच खरं. (गाजरगवत याच गव्हाबरोबर आलं असं आपल्याकडे सर्रास सांगतात. पुण्यात ते 1955 च्या सुमारास दिसल्याची नोंद आहे आणि करार त्यानंतरचा. अमेरिकन गहू मात्र त्याआधीही येत होता, त्यामुळे गोष्ट अगदीच खोटी म्हणवत नाही. शेतकरी त्याला काँग्रेस गवत म्हणतो, आणि खुरपताना अमेरिकेला व काँग्रेसला एकाच शिवीत बसवतो.)

म्हणजे मामांचा अर्धा मुद्दा पक्का झाला. आता त्यांना न आवडणारा भाग.

मराठवाड्यात 1972 चा जुलै कोरडा चालला होता, त्याच महिन्यात सोव्हिएत संघाच्या धान्य खरेदी करणाऱ्या संस्थेची माणसं अमेरिकेत गुपचूप सौदे करत होती. एका कंपनीला दुसरीचा पत्ता लागू न देता त्यांनी वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडून इतका गहू उचलला की तो त्या वर्षीच्या अमेरिकन पिकाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढा भरला. अमेरिकन सरकारला काय घडतंय हे कळेपर्यंत ते स्वतःच्या खजिन्यातून या निर्यातीला अनुदान देत राहिलं. गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी अमेरिकेत सुमारे 6 कोटी एकर जमीन सरकारी पैसे घेऊन पडीक होती. वर्षभरात जगातला गव्हाचा भाव दुपटीच्या वर गेला. पी.एल. 480 चं सवलतीचं धान्य आपल्याला तोवर बंद झालेलं. भारत बाजारात उतरला तेव्हा पैसे मोजून, वाढत्या भावानं, जे मिळेल ते घेणं भाग होतं. जे मिळालं त्यात मिलो होती.

एकीकडे न पिकवण्याबद्दल पैसे खाणारी जमीन, दुसरीकडे जगातला सगळ्यात मोठा समाजवादी देश गहू विकत घेतोय, आणि मधे आमची आत्या खडीच्या ढिगाऱ्यावर. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती.

पण सोव्हिएत संघाला गहू का कमी पडला? त्या वर्षी तिकडेही हवामान वाईट होतं, हे खरं. तेवढ्यानं भागत नाही. तो गहू बराचसा माणसांना हवा होता असंही नाही. गुरं-डुकरं जगवायला धान्य हवं होतं, कारण मांस स्वस्त ठेवायचं होतं. 1962 साली मांसाचे आणि लोण्याचे भाव वाढवल्यावर दक्षिण रशियातल्या नोव्होचेरकास्क शहराच्या कामगारांनी संप केला होता. त्यांच्यावर गोळीबार झाला, किमान 24 माणसं मेली, आणि ही बातमी पुढची पंचवीसेक वर्षं त्या देशात छापून आली नाही. राज्यकर्त्यांनी धडा मात्र घेतला. भाव वाढवायचे नाहीत. पाव इतका स्वस्त राहिला की खेड्यात डुकरांना धान्यापेक्षा दुकानातला भाजलेला पाव घालणं परवडायचं. तसं करणं गुन्हा ठरवणारे कायदे झाले, तरी लोक घालत राहिले. पेरणी, कापणी, दळण, भट्टी, वाहतूक एवढं सगळं झाल्यावर तो पाव डुकरापुढे. ब्राझीलची कॉफी निदान पोत्यातूनच आगीत गेली होती.

नियोजनाची खरी गंमत रियाझान प्रांतात दिसते. मॉस्कोच्या आग्नेयेला असलेल्या या प्रांताचा पक्षप्रमुख अलेक्सेई लारिओनोव्ह. त्यानं 1959 साली वचन दिलं की सरकारला द्यायचं मांस एका वर्षात तिप्पट करून दाखवू. 50 हजार टनांचे दीड लाख टन. केलेही. कसे? वासरं कापली, दुभत्या गायी कापल्या, लोकांच्या दावणीची जनावरं घेतली, तेवढ्यानंही भागेना तेव्हा शेजारच्या प्रांतांतून मांस विकत आणून आपल्या नावावर भरलं. लारिओनोव्हला समाजवादी श्रमवीराचा किताब मिळाला, आणि पुढच्या वर्षी 1 लाख 80 हजार टनांचं वचन त्यानं देऊन टाकलं. प्रत्यक्षात 30 हजार टनांच्या आसपास निघालं. निघणार कुठून? दूधही गेलं, वासरंही गेली. 1960 सालीच तो मेला. स्वतःवर गोळी झाडून घेतली असं सांगतात.

ही गोष्ट मी मामांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, तो माणूस वाईट निघाला. असेलही. पण मग व्हेल माशांचं काय? तिथं वाईट माणूस कुणीच नाही, सगळे आपापलं काम चोख करणारे. युद्धानंतर सोव्हिएत संघानं दक्षिण समुद्रात व्हेल मारायचा मोठा ताफा उभा केला. दरवर्षी उद्दिष्ट ठरायचं, ते गाठलं की खलाशांना बक्षीस, आणि पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट त्याहून वर. व्हेलचं मांस सोव्हिएत माणूस फारसा खात नव्हता. तेलाची गरज दुसरीकडून भागत होती. तरी मोजणी टनांत होती, म्हणून जहाजं मारत राहिली. 1959 ते 1961 या दोन हंगामांत फक्त हंपबॅक जातीचे जवळपास 25 हजार व्हेल मारले. इतके मारल्यावर कापून संपवायला वेळ कुठला? पुष्कळ धडं सडली, थोडी चरबी काढून समुद्रात ढकलली. दक्षिण गोलार्धात आपण 2,710 हंपबॅक मारले असं आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाला कळवलं होतं. खरा आकडा 48 हजारांच्या वर होता. सगळ्या जाती आणि सगळे समुद्र धरले तर लपवलेले व्हेल सुमारे 1 लाख 80 हजार. अलेक्सेई याब्लोकोव्ह या शास्त्रज्ञानं 1993 साली हे जगासमोर आणलं, तोपर्यंत सोव्हिएत संघ स्वतःच उरला नव्हता.

हे वाचल्यापासून मला "समाजवाद गरजेपुरतं पिकवतो" हे वाक्य ऐकवत नाही. गरज कोण मोजत होतं? दिव्यांची झुंबरं वजनावर मोजली जात होती म्हणून कारखाने जडच जड झुंबरं करत होते. खुद्द सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हनं याची जाहीर खिल्ली उडवली होती. खिल्ली उडवली तरी मोजमाप बदललं नाही, कारण वजनाऐवजी नग मोजले तर चिटुकली झुंबरं येणार, हेही सगळ्यांना माहीत होतं.

यानोश कोर्नाई या हंगेरियन अर्थतज्ज्ञानं हे सगळं आतून पाहिलं होतं. 1980 साली टंचाईच्या अर्थशास्त्रावरचं त्याचं जाडजूड पुस्तक आलं. त्याचं सांगणं थोडक्यात असं: भांडवली कारखान्याला अडवतं ते गिऱ्हाईक. माल होतो, खपत नाही. समाजवादी कारखान्याला अडवतो तो कच्चा माल. खपाची चिंताच नाही, पण पोलाद मिळेल की नाही याचा भरवसा नाही. म्हणून तिथला प्रत्येक व्यवस्थापक मिळेल ते गोळा करून ठेवतो. हवं त्याच्या दुप्पट मागायचं, नको असलेलं यंत्रही घ्यायचं, पुढेमागे कुणाशी तरी अदलाबदल करता येईल. टंचाई आणि साठे अशा रीतीनं एकाच छपराखाली नांदतात. बहात्तरात आमच्या गावात रॉकेलचं तेच झालं होतं म्हणे. दुकानात थेंब नाही, आणि घराघरांत कोपऱ्यात लपवलेले डबे.

मला विचाराल तर इथं दोन व्यवस्थांचा खरा फरक आहे. किती वाया गेलं यापेक्षा कुठं वाया गेलं, हा. भांडवलशाहीतली नासाडी दारात येऊन पडते. ब्राझीलच्या सान्तोस बंदराजवळ कॉफी जळाली तर धूर दिसतो, वास येतो, वार्ताहर फोटो काढतो, कुणीतरी संतापतो. समाजवादातली नासाडी मालाच्या पोटात शिरते. जड झुंबर, न चालणारं यंत्र, डुकरानं खाल्लेला पाव. कागदावर तिचं नाव उत्पादन असतं, आणि तिच्यावर बक्षीसही मिळालेलं असतं. पहिली मला जास्त संतापजनक वाटते, कारण ती डोळे उघडे ठेवून केलेली असते. पण भीती वाटते ती दुसरीची. व्हेल संपत आले तरी बातमी फुटली नाही, नोव्होचेरकास्कची फुटली नाही. नासाडीवर ओरडायला जी मोकळीक लागते, ती तिथं आधीच संपवलेली होती.

अर्थात हा फरकही आता पुसट होत चाललाय. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीनं 2018 च्या वार्षिक अहवालात 2 कोटी 86 लाख पौंडांचा न खपलेला माल नष्ट केल्याचं नमूद केलं, कारण स्वस्तात विकला तर नावाची किंमत उतरते. बोंब झाल्यावर त्यांनी ते थांबवलं. अहवालात ती ओळ नसती तर? आणि बल्बच्या कंपन्यांनी तर 1924 मध्येच जिनिव्हात बसून संगनमत केलं होतं की कुणाचाही बल्ब हजार तासांच्या वर जळता कामा नये. जास्त टिकला तर दंड. याउलट समाजवादी पूर्व जर्मनीनं 1980 पासून सुपरफेस्ट नावाचे काचेचे पेले काढले. पडले तरी सहसा फुटत नसत. काच वाचवायची म्हणून केलेला शोध, टंचाईच्या पोटी जन्मलेला. दहा वर्षांत असे सुमारे 12 कोटी पेले झाले. पश्चिमेकडे निर्यात करायला गेले तर तिथल्या व्यापाऱ्यांना रस नव्हता. फुटणार नसेल तर दुसरा कोण घेणार? 1990 मध्ये जर्मनी एक झाली आणि कारखान्यातलं ते उत्पादन बंद पडलं. मामा हा किस्सा प्रत्येक लग्नात सांगतात. त्यांना तो मीच दिला.

आणि सोव्हिएत नियोजनाच्या एका नासाडीचा मी स्वतः लाभार्थी आहे. खपाची फिकीर न करता छापलेली, लोकवाङ्मय गृहाच्या पुस्तकविक्रीतून येणारी ती स्वस्त पुस्तकं. गणित, खगोल, रशियन लोककथा, जाड पुठ्ठा, रंगीत चित्रं. एसटीच्या तिकिटाएवढ्या पैशांत मिळायची. गुळगुळीत कागदाच्या सोव्हिएत मासिकांची आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो, आणि ट्रॅक्टरवर हसत बसलेल्या बाईच्या तोंडावर आपलं नाव-इयत्तेचं लेबल चिकटवायचो. कुठल्या तरी कार्यालयात हा सगळा तोट्याचा आकडा असणार. अंबडच्या पोराच्या हातात मात्र पुस्तक पडत होतं. मामांचा पोरगाही तीच पुस्तकं वाचून मोठा झाला, पण वादात ते सांगत नाही.

परदेशाचं पुरे. महाराष्ट्रानं स्वतः हा प्रयोग करून पाहिला, तोही नेमका बहात्तरच्या हंगामापासून. कापूस एकाधिकार खरेदी योजना. 1971 चा कायदा, आणि त्यानंतर राज्यात पिकणारा सगळा कापूस घेण्याचा हक्क फक्त सरकारचा, खरेदी पणन महासंघामार्फत. हेतू चांगलाच होता. व्यापारी सुगीला भाव पाडतो, मापात मारतो, उधारीत अडकवतो, त्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायचं. सुरुवातीच्या काळात आमच्याकडच्या माणसांना भाव आधी कळण्याचं सुख पहिल्यांदा मिळालं, हे मी म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलंय.

पण कापसाला पाय फुटतात. राज्याच्या सीमेपलीकडे भाव चढा असला की विदर्भ-मराठवाड्यातला कापूस रातोरात आंध्रात, मध्य प्रदेशात, गुजरातेत. तिकडे पडला की तिकडचा कापूस उलट्या वाटेनं आमच्या केंद्रांवर, इथल्याच कुणाच्या तरी सातबाऱ्यावर चढून. म्हणजे बाजार चांगला असला की चांगला माल सरकारला मिळायचा नाही, आणि वाईट असला की चार राज्यांचा गळ्यात पडायचा. संकलन केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा लागायच्या, माणसं बैलांसकट तिथंच मुक्काम करायची. ग्रेडर बोंडाकडे बघून प्रत ठरवायचा. त्याचा मूड, त्याची ओळख, त्याचा चहा, सगळं त्या प्रतीत मोजलं जायचं. सोसायटीचं कर्ज चुकाऱ्यातूनच कापून घ्यायचे, म्हणून कर्जदार आपला कापूस भावाच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर घालायचा. आवारात मावेनासा झालेला कापूस उघड्यावर गंजी लावून पडायचा. पाऊस यायचा. आगी लागायच्या, आणि प्रत्येक आगीनंतर गावात एकच चर्चा, लागली की लावली? वजनात आलेली तूट धुरात जाते, हे लहान पोरालाही कळत होतं.

योजनेचा तोटा हजारो कोटींत गेला आणि 2002 च्या सुमारास खाजगी खरेदीला वाट मोकळी करून देण्यात आली. नंतर काय झालं? व्यापारी परत आला. खेडा खरेदीचा टेम्पो दारात येतो, रोख देतो, भाव पाडून घेतो. रांग गेली. हमीभावाची केंद्रं उघडायला उशीर झाला की शेतकरी घरात कापूस भरून ठेवतो, त्यात झोपणाऱ्या पोरांच्या अंगाला खाज सुटते. एकाधिकार बरा होता का, असं आमच्या गावात विचाराल तर पन्नाशीच्या आतले "छे" म्हणतात, आणि वरचे काही क्षण गप्प बसतात.

कांद्याचं तर सांगायलाच नको. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा नेला. भाव किलोला 1 रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता हातात आला 2 रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. हा खुला बाजार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांदा वर येऊ लागताच सरकारनं निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं, आणि डिसेंबरात बंदीच घातली. हे नियोजन. एका वर्षात त्याच शेतकऱ्याला दोन्ही व्यवस्थांचा प्रसाद मिळाला, आणि दोन्ही वेळा फक्त कडू भागच वाट्याला आला. मामा आणि त्यांचा पोरगा, दोघांचं एकमत झालेलं मी एवढ्या एकाच विषयावर पाहिलंय.

म्हणून ज्या वेळी ढीग खरोखर तोंडापर्यंत पोचला, ती वेळ मला तपासून बघावीशी वाटते. 2001 साली भारतीय अन्न महामंडळाकडे 6 कोटी टनांच्या आसपास धान्य होतं, लागणाऱ्या राखीव साठ्याच्या दुपटीहून जास्त. काही उघड्यावर ताडपत्रीखाली सडत होतं. राजस्थानात सलग दुष्काळ होता. गोदामाच्या भिंतीपासून फार लांब नसलेल्या गावांत लोक आळीपाळीनं जेवत होते. सरकार मात्र हा साठा हलका करायला धान्य परदेशी पाठवत होतं, इथल्या दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला लावलेल्या दराच्या आसपास, आणि तो गहू तिकडे जनावरांच्या खाद्यात जातो अशी टीका तेव्हा झाली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या राजस्थान शाखेच्या लोकांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मागणी सरळ होती. धान्य आहे, माणसं उपाशी आहेत, उत्तर द्या. 28 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेलं जेवण द्या.

त्याआधी आमच्याकडे पोरांना महिन्याला 3 किलो तांदूळ मिळायचा, पिशवीत घालून घरी. त्या आदेशानंतर शाळेत चूल पेटली. त्या अर्जात बाजाराला शिव्या नव्हत्या की नियोजनाच्या आरत्या नव्हत्या. साठ्याचा आकडा आणि भुकेल्या माणसांची गावं एकाच कागदावर मांडली होती, एवढंच. हे दोन आकडे एकत्र वाचायचं काम अमेरिकेच्या शेती खात्यानं केलं नव्हतं, मॉस्कोच्या नियोजन मंडळानंही केलं नव्हतं, आणि दिल्लीनंही आपण होऊन केलं नव्हतं.

आत्याची सून आता त्याच शाळेत खिचडी शिजवते. मानधन तुटपुंजं, तेही वेळेवर येत नाही. मागच्या दिवाळीत बापलेकांचा वाद ऐन रंगात असताना ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, ते रशिया-अमेरिकेचं राहू द्या. आमचं तीन महिन्यांचं मानधन कुठं अडकलंय ते तालुक्याला जाऊन विचारा आधी." मामांनी पोराकडे पाहिलं. पोरगा म्हणाला, "गाडी माझी आहे, चला उद्या."